फॉक्स आत का गेला नाही?

'फॉलआउट ३' हा गेम २००८ साली आला. त्याच्या अगदी शेवटी, वॉशिंग्टनच्या जेफरसन मेमोरियलमध्ये, काचेआड एक छोटी खोली आहे. साल २२७७. अणुयुद्धाला दोनशे वर्षं उलटलीत, पिण्याजोगं पाणी दुर्मीळ झालंय आणि ते शुद्ध करणारं अजस्र यंत्र तुमच्या वडिलांनी उभं केलंय. यंत्र सुरू करायचं तर कोणीतरी त्या खोलीत जाऊन तीन आकडे दाबायला हवेत : २, १, ६. आत किरणोत्सर्ग एवढा की जाईल तो तिथेच मरणार. वडीलही याच खोलीत, असेच गेले. आकडे आलेत आईच्या आवडत्या वचनातून. बायबलमधलं प्रकटीकरण, अध्याय एकवीस, वचन सहा. तहानलेल्याला जीवनाचं पाणी फुकट देईन, असं त्यात म्हटलंय. आणि गेम सुरू होतो तोच मुळी बाळंतपणात आई जाते तिथून. आई, वडील, मूल, पाणी, सगळं एका जागी आणून ठेवलंय. लिहिणाऱ्याची पाठ थोपटावी असा शेवट.

फक्त माझ्या शेजारी फॉक्स उभा होता.

फॉक्स म्हणजे म्यूटंट. अंगाने राक्षस, बोलायला एखाद्या वाचनवेड्या प्राध्यापकासारखा. त्याला किरणोत्सर्गाने काही होत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, गेमने दाखवलं होतं. काही तासांपूर्वीच व्हॉल्ट ८७ नावाच्या भूमिगत तळात मला हवं असलेलं उपकरण अशाच किरणांनी भरलेल्या जागेत पडलं होतं. कोठडीतून सोडवल्याची परतफेड म्हणून फॉक्स आत गेला आणि ते उचलून घेऊन आला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. म्हणून जेफरसन मेमोरियलमध्ये मी साहजिकच त्याच्याकडे वळलो. जा बाबा, तीन आकडे दाबून ये. तर फॉक्स म्हणाला की नाही, प्रत्येकाची नियती वेगळी असते, तुझी इथे पूर्ण होते आहे, ती मी तुझ्यापासून हिरावून घेणार नाही.

मी पोटापाण्यासाठी मालिकांचे संवाद लिहितो. त्यामुळे हे वाक्य ऐकलं तेव्हा राग यायच्या आधी ओळख पटली. आमच्याकडे याच वाक्याला 'वेळ आल्यावर सांगेन' म्हणतात. सासूला खरं काय ते सुनेने आत्ता सांगितलं तर ट्रॅक संपतो, आणि ट्रॅक तर अजून तीन आठवडे ताणायचाय. मग सून दारापर्यंत जाते, थांबते, डोळ्यांत पाणी आणते आणि म्हणते, वेळ आल्यावर सांगेन. ते वाक्य सुनेच्या तोंडी असलं तरी बोलत असतो लेखक, आणि लेखकाच्या मागे उभं असतं चॅनल. फॉक्सच्या तोंडून असंच कोणीतरी बोललं. वडिलांनी बलिदान दिलं म्हणून मुलानेही द्यायचं, असा शेवट कागदावर आधीच ठरलेला होता. त्यात हा न मरणारा मित्र आडवा आला. त्याला बाजूला करायचं होतं, म्हणून तत्त्वज्ञान.

आणि तो एकटाच नाही. याच गेममध्ये शेरॉन नावाचा एक घूल आहे, म्हणजे किरणांनी विद्रूप झालेला माणूस. घूल मंडळी किरणांनी मरत नाहीत, उलट बरी होतात. शेरॉन तर कराराने बांधलेला. ज्याच्या हाती करार, त्याचा हुकूम पाळायचा. तोही नाही म्हणतो. एक लष्करी यंत्रमानव आहे, आरएल-३. यंत्रमानव! तोही नाही म्हणतो. इतक्या जणांना एकाच दिवशी नियतीचा साक्षात्कार झालेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

सिनेमातल्या कथानकाला भोकं असतात, ती आपल्याला बहुतेक वेळा घरी आल्यावर दिसतात. अरे, मग त्याने पोलिसांना फोन का नाही केला? असं चहा पिताना सुचतं, हसतो, सोडून देतो. गेममध्ये असं सोडता येत नाही, कारण तिथे तो फोन माझ्या हातात असतो. फॉक्सला आत पाठवायची कल्पना मला चहा पिताना नव्हती सुचली. मी समोर उभा राहून, यादीतलं वाक्य निवडून, त्याला विचारलं होतं. म्हणजे लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न सुचला होता! सुचला, लिहिला, रेकॉर्ड केला आणि उत्तर म्हणून ही थाप ठेवली. तर्काची चूक मी माफ केली असती. या गेममध्ये तशा पुष्कळ आहेत. वडिलांसोबत त्याच खोलीत कोसळलेला शत्रूपक्षाचा कर्नल ऑटम पुढे धडधाकट परत येतो, आणि त्याने स्वतःला काहीतरी टोचून घेतलं होतं एवढ्यावर आपण समाधान मानायचं. मी मानलं. फॉक्सचं नाही मानवलं, कारण तिथे तर्काबरोबर माणूसही मोडला. ज्याच्यावर विश्वास ठेवायला गेमने शिकवलं, तोच ऐनवेळी परका झाला.

बोंबाबोंब बरीच झाली असावी. मे २००९ मध्ये 'ब्रोकन स्टील' ही जोड आली, पैसे मोजून घ्यायची. तिच्यात फॉक्सला पाठवता येतं. तो जातो, आकडे दाबतो, सुखरूप बाहेर येतो. पण मागून येणारं निवेदन बदललेलं नाही. त्या गंभीर आवाजात आपल्याला सुनावलं जातं की वडिलांसारखा त्याग करायला हा तयार झाला नाही, खऱ्या वीराला त्याने पुढे केलं. शहाणपणाने वागलो म्हणून भेकड ठरलो. संवाद बदलायचे आणि व्हॉइसओव्हर जुनाच ठेवायचा, हा प्रकार आमच्या धंद्यातही चालतो. कारणही तेच असतं. पुन्हा डबिंगला कोण बोलावणार?

इथे थोडं गणित येतं, पण सोपं. गोष्टीत दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येक पर्यायाने खरोखर वेगळी वाट फोडली, तर दहाव्या टोकाला १,०२४ गोष्टी तयार होतात. प्रत्येकीला संवाद, आवाज, चेहरे, नेपथ्य. हे कुठल्याच स्टुडिओला परवडत नाही. म्हणून वाटा फुटतात आणि थोडं पुढे जाऊन परत एक होतात. मधल्या काळात तुम्ही काय केलं याची नोंद गेम ठेवतो, अमका मेला की जगला, तमक्याला वचन दिलं की नाही, आणि जमेल तिथे ती नोंद वापरतो. खरी कारागिरी फांद्या फोडण्यात नाहीच, ती सांध्यांवर आहे. जाहिरातीत मात्र नेहमी फांद्या मोजतात. 'बाल्डर्स गेट ३' येण्याआधी तो बनवणाऱ्या लॅरियनवाल्यांनी सांगितलं होतं की शेवटाचे १७,००० प्रकार आहेत. असतील. कोणत्या सोबत्याच्या डोक्यावर शिंगं उरली आणि कोण कोणाच्या प्रेमात होतं हे धरून मोजलं की आकडा फुगायला वेळ लागत नाही. गेम उत्तम आहे, पण त्या आकड्यामुळे नव्हे.

सांधे कसे उसवतात याचा सगळ्यात मोठा नमुना 'मास इफेक्ट', अंतराळात घडणारी गेममालिका. २००७, २०१० आणि २०१२, असे तीन भाग. पहिल्या भागात केलेलं तिसऱ्यापर्यंत सोबत येतं, हे त्याचं मोठेपण. पहिल्या भागात नोव्हेरिया या बर्फाळ ग्रहावर रॅक्नाय नावाच्या कीटकवंशाची शेवटची राणी काचेच्या टाकीत कोंडलेली असते. सोडायची की मारायची? एक अख्खी जात तुमच्या बोटाखाली. मी बराच वेळ तिथे थांबून राहिलो होतो. तिसऱ्या भागात रॅक्नाय परत येतात, कारण ती मोहीम सगळ्यांसाठी एकदाच बांधलेली आहे. तुम्ही राणी सोडली असेल तर तीच पकडली गेलेली असते. मारली असेल? तर शत्रूने एक कृत्रिम राणी बनवलेली असते. तीच गुहा, त्याच लढाया, आणि शेवटी पुन्हा तोच प्रश्न, सोडायची की मारायची. तसंच मानवांचा प्रतिनिधी म्हणून मी मोठ्या विचाराने अँडरसनला नेमलं होतं, उडीना नावाच्या खडूस राजकारण्याला डावलून. तिसऱ्या भागात खुर्चीवर उडीना. अँडरसन मधल्या काळात बाजूला झाला म्हणे. आमच्याकडे अशा पात्राला परदेशी पाठवतात.

हे हसण्यावारी नेता येईल. पण याच मालिकेने मला एक गोष्ट शिकवली, जी मी त्याआधी फक्त माझ्या धंद्याची मानत होतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी एक आत्मघातकी मोहीम आहे. तयारी कमी पडली, कामाला चुकीचा माणूस लावला, की तुमचे सोबती एकेक करून मरतात. सगळेच्या सगळे मरू शकतात. लोकांनी ती मोहीम डोक्यावर घेतली आणि ते योग्यच होतं. पण तिसरा भाग लिहायला बसलेल्यांचा विचार करा. मिरांडा, जॅक, थेन, समारा, ग्रंट. यातलं प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या खेळाडूच्या सेव्ह फाइलमध्ये मेलेलं आहे. जे पात्र अनेकांच्या गोष्टीत हयातच नाही, त्याच्यावर तासन् तासांचे संवाद कोण खर्च करणार? म्हणून तिसऱ्या भागात या सगळ्यांच्या वाट्याला एखादी मोहीम, थोड्या गप्पा, निरोप, एवढंच येतं. पुन्हा कायमचे सोबती होतात ते दोघंच, गॅरस आणि टाली. मरण्याचं स्वातंत्र्य ज्याला दिलं, त्याची भूमिका कापली गेली. मालिकेत नटाच्या तारखा नक्की नसल्या की आम्ही त्याला कथेच्या मध्यावर कधीच ठेवत नाही, कोपऱ्यात ठेवतो, म्हणजे उद्या नसला तरी सीन चालेल. फरक इतकाच की इथे तारखा खेळाडूच्या हातात आहेत.

तिसऱ्या भागाच्या शेवटावरून जो गदारोळ झाला तो पुष्कळांना माहीत असेल. लाल, निळा, हिरवा असे तीन पर्याय आणि जवळजवळ एकच चित्रफीत वेगवेगळ्या रंगांत. चाहत्यांनी गेम बनवणाऱ्या बायोवेअरला शेकड्यांनी कपकेक पाठवले, तीन रंगांचे आणि सगळे एकाच चवीचे. निषेधाची इतकी गोड तऱ्हा दुसरी नसेल. मला त्यातली एक बारकी गोष्ट जास्त खुपली. शेवटच्या धावेत तुमच्याबरोबर लंडनच्या रस्त्यावर असलेले सोबती पुढच्या काही मिनिटांत दूर अंतराळात, तुमच्याच जहाजातून उतरताना दिसतात. ते तिथे पोचले कसे? जून २०१२ मध्ये फुकट 'एक्सटेंडेड कट' आला, त्यात उत्तर दिलंय. शेपर्ड, म्हणजे खेळाडूचा नायक, धावता धावता जहाज बोलावतो, जहाज रणांगणाच्या मधोमध उतरतं, जखमी सोबत्यांचा हृद्य निरोप होतो, जहाज जातं. आणि हार्बिंजर नावाचा महाकाय शत्रू, जो आत्ता आत्तापर्यंत रणगाडे भाजून काढत होता, तो हे सगळं होईपर्यंत गप्प. ठिगळ लावलं, पण कापड कुठून आणलं ते लगेच दिसतं.

याच्या उलट काही जागा आहेत, जिथे लिहिणाऱ्यांनी अडचण लपवली नाही, गोष्टीतच ओढून घेतली. 'मॉरोविंड'मध्ये (२००२) तुम्ही कोणालाही मारू शकता, मुख्य कथेला लागणाऱ्या माणसालाही. मारलंत की पडद्यावर सूचना येते. आशय असा, की या मृत्यूने भविष्यवाणीचा धागा तुटला. जुनी सेव्ह उघडून नियतीचं वस्त्र पुन्हा विणा, नाहीतर तुम्हीच घडवलेल्या या शापित जगात राहा. किती ऐटीत सांगितलंय! 'तुम्ही गेम बिघडवला' हेच सांगायचंय, पण त्याच जगाच्या भाषेत. आणि ती धमकीही पूर्ण खरी नाही. विवेक या देवालाच ठार मारून त्याच्याकडचा, गोष्ट संपवायला लागणारा जादूई हातमोजा घेतला, तर ड्वेमर या लुप्त वंशातला शेवटचा जिवंत असलेल्या, रोगाने सुजलेल्या यागरम बागार्नकडून तो कसाबसा चालू करून घेता येतो. त्याची किंमत म्हणून तुमचं आयुष्य कायमचं घटतं, पण गोष्ट पुरी होते. शापित जगाला मागचं दार ठेवलं होतं. पुढे याच मालिकेच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) महत्त्वाची माणसं मरेनाशीच झाली. वार करा, ती बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने कपडे झटकून उठतात. त्रास वाचला. माझा रसही थोडा वाचला, खर्च व्हायचा राहिला.

'न्यू वेगस'मध्ये (२०१०) हाच पेच फार हुशारीने सोडवलाय. हूव्हर धरणावर कोणाचा ताबा राहणार यासाठी तीन सत्ता भांडतात आणि तुम्ही तिन्हींच्या म्होरक्यांना उडवू शकता. मग गोष्ट पुढे नेणार कोण? त्यासाठी यस मॅन. पडद्यावर हसरा चेहरा असलेला यंत्रमानव, कोणालाच नाही म्हणता येऊ नये असा बिघडवलेला. त्याला फोडलंत तर दुसऱ्या शरीरात उतरून परत येतो, तितकाच हसरा. लेखकाला एक न मरणारं पात्र हवं होतं, आणि तो न मरण्यामागे त्या जगात चोख कारण आहे. शिवाय त्या अखंड होकाराची हळूहळू भीती वाटू लागते, हा वरकड नफा. 'डॅगरफॉल'वाल्यांनी (१९९६) तर कहर केला. एकमेकांशी न जुळणारे अनेक शेवट दिले, आणि पुढच्या गेमांत सांगून टाकलं की काळच मोडला होता, ते सगळे शेवट एकदमच घडले. धाडस म्हणावं की निगरगट्टपणा, माझं अजून ठरलेलं नाही.

वेळेचं भोक राहिलं. ते इतकं सर्रास असतं की त्याला भोक म्हणायचंही लोकांनी सोडून दिलंय. 'फॉलआउट ४'मध्ये पोटचं पोर पळवून नेलंय आणि बाप वस्तीवर भिंती ठोकत, खुर्च्या मांडत बसलाय. 'विचर ३'मध्ये मुलीच्या मागावर मरणाचे स्वार आहेत आणि गेराल्ट प्रत्येक खानावळीत पत्ते पिसतोय. १९९७ च्या पहिल्या 'फॉलआउट'ने असं चालू दिलं नव्हतं. पाण्याची चिप शोधायला दीडशे दिवस. नकाशावर चाललात की दिवस जातात, संपले की तळघरातली तुमची माणसं मेली आणि गेम संपला. प्रामाणिक होतं, पण खेळताना जीव मुठीत. 'बाल्डर्स गेट ३'ची (२०२३) युक्ती मला दोन्हींपेक्षा आवडते. सुरुवातीलाच तुमच्या डोक्यात एक अळी सोडली जाते आणि सांगतात की काही दिवसांत तुमचा राक्षस होणार. तुम्ही मात्र रोज रात्री तंबू ठोकून झोपताय, काहीच होत नाही. मी मनातल्या मनात लाल पेन काढलं होतं. तेवढ्यात सोबतीच विचारायला लागले, आपण अजून बदललो कसे नाही? आणि पुढे कळतं की कोणीतरी, काहीतरी आपल्याला वाचवतंय, ते कोण आणि का, हीच तर गोष्ट आहे. शिवाय हे सरसकट नाही. एका जळत्या धर्मशाळेशी पोचून, बघू उद्या, म्हणून झोपलात, तर सकाळी आतली माणसं गेलेली असतात.

माझा भाचा पुण्यात शिकतो. त्याने 'मास इफेक्ट'चे तिन्ही भाग अलीकडे ओळीने खेळले. फोनवर मी त्याला ती कृत्रिम राणी, ते उडीना प्रकरण ऐकवत होतो, तर म्हणाला, "मामा, तू गेम खेळतोस का पेपर तपासतोस?" मग बोलता बोलता मॉर्डिनचा विषय निघाला.

मॉर्डिन सोलस हा भराभर, अर्धी वाक्यं बोलणारा शास्त्रज्ञ. क्रोगन नावाच्या लढवय्या जातीत मुलं मृत जन्मावीत म्हणून जो जैविक घाला घातला होता, त्यात त्याने सुधारणा केलेली. दुसऱ्या भागात तो याचं समर्थन करतो, अगदी मुद्देसूद, आणि मध्येच त्याचा आवाज चिरकतो. तिसऱ्या भागात टुचांका ग्रहावर तो उतारा पसरवायला स्फोट होत असलेल्या मनोऱ्यावर चढतो. हे मीच करायला हवं, दुसऱ्याने चूक केली असती, असं काहीसं म्हणून, गाणं गुणगुणत. मी तो प्रसंग सांगितला.

"पण तो कुठे मेला?" भाचा म्हणाला. "माझा मॉर्डिन जिवंत आहे."

मला वाटलं गंमत करतोय. पण त्याच्या पहिल्या भागात रेक्स हा क्रोगन मित्र विर्मायर ग्रहावर मारला गेला होता, कारण त्याला समजावण्याइतकं बोलणं याच्या शेपर्डला जमत नव्हतं. म्हणून तिसऱ्या भागात क्रोगनांचा नेता रेक्स नव्हता, त्याचा रक्तपिपासू भाऊबंद रीव्ह होता. दुसऱ्या भागात याने एका शास्त्रज्ञाचे क्रूर प्रयोगांचे कागद जाळून टाकले होते, भावनेच्या भरात. त्यामुळे जिच्या शहाणपणावर क्रोगनांचं भवितव्य टिकलं असतं ती ईव्हही उपचारात गेली. अशा हातांत ही जात पुन्हा वाढू द्यायची? हा प्रश्न मॉर्डिनला विचारता येतो, आणि तो, जो माझ्या गोष्टीत एक पाऊल मागे यायला तयार नव्हता, तो विचार करतो, मान्य करतो आणि मनोऱ्यावर न चढता निघून जातो. खोटा उतारा, खोटी बातमी, जिवंत मॉर्डिन.

मी ती वाट कधी पाहिलीच नव्हती. रेक्सला वाचवणाऱ्याला ती दिसतच नाही. त्याने उतारा रोखायचा म्हटलं तर मॉर्डिनच्या पाठीत गोळी घालावी लागते, आणि पुढे सगळं समजल्यावर रेक्स जाब विचारायला येतो. म्हणजे मागच्या दोन गेममध्ये घेतलेले, त्या वेळी बारीकसारीक वाटलेले निर्णय इथे मोजले गेले होते, आणि फार थोड्या लोकांना दिसणाऱ्या त्या वाटेवरही मॉर्डिन पूर्णपणे मॉर्डिन होता. पुरावा बदलला म्हणून निष्कर्ष बदलणारा. फॉक्सला जे जमलं नाही, म्हणजे फॉक्सच्या लेखकांना, ते इथे कोणीतरी बसून नीट लिहिलं होतं.

भाच्याला मात्र माझ्या या कौतुकात रस नव्हता. त्याचं म्हणणं, मी माझ्या मॉर्डिनला उगाच मरू दिलं. माझं म्हणणं, त्याने सबंध क्रोगन जातीला फसवलं. शेवटी तो म्हणाला, "तुझा मॉर्डिन बरोबर, माझाही बरोबर. पण मामा, तू ते प्रयोगाचे कागद जपून ठेवलेस? इतके अत्याचार करून मिळवलेले?"

ठेवले होते. का ठेवले, हे सांगायला मला पुढचा अर्धा तास लागला आणि त्याला ते पटलं नाही.